डावा पाय बांधून गाडी हाकणारा नाना

केळव्याचा नाना डंपरवर चढला की आधी आपला डावा पाय पंच्याने सीटच्या लोखंडाला बांधायचा. गाठ दोनदा ओढून बघायचा. मगच इंजिन चालू. खाली उभे असलेले खडीवाले हसायचे, म्हणायचे, नानाचा पाय पळून जातो. नाना वरून शांतपणे सांगायचा, "पळत नाय, शोधतो. तुमच्या डायवरांचा बी शोधतो. मी कबूल करतो, येवढाच फरक."

होतं खरं. ही साठ सालानंतरची गोष्ट. तारापूरच्या किनाऱ्यावर वीजघराचं काम निघालं होतं आणि कंत्राटदाराने दगड वाहायला परदेशी डंपर आणले होते. घराएवढी गाडी, पण तिला क्लच नाही. आम्ही सगळे क्लचवर शिकलेले. डावा पाय सवयीने क्लच शोधायला जायचा आणि रुंद ब्रेकवर पडायचा. पहिल्याच दिवशी माझं कपाळ काचेवर आपटून टेंगूळ आलं. तरी मी पाय बांधला नाही. पालघर-डहाणू रस्त्यावर सहा वर्षं गवताच्या गाठी वाहिलेला माणूस मी, पाय बांधून घ्यायला बैल नव्हे.

नाना मात्र भित्रा, आणि त्याची त्याला लाज नव्हती. बोईसरच्या फलाटावर तो भिंतीला पाठ लावून उभा राही आणि इंजिन पुढे गेल्याशिवाय भिंत सोडत नसे. हॉटेलात पंखा बंद करायला लावी, कारण पंखा एका खिळ्यावर असतो आणि खिळा कुणी ठोकला ते आपल्याला माहीत नसतं. खाडी ओलांडायची वेळ आली तर होडीत बसण्याआधी होडीवाल्याला विचारी, पोरं किती? तीन म्हटलं की बसे. बिनलग्नाच्या होडीवाल्याच्या होडीत तो कधी बसला नाही. "त्याला काय," म्हणे, "त्याची वाट बघनारं कोन हाय?"

पण त्याची खरी भीती खाणीच्या उताराची. ती समजायला गाडी थोडी समजली पाहिजे. मी तिसरी शिकलेला, मला समजली तशी सांगतो. इंजिन आणि चाकं यांच्यामधे तेलाने भरलेला एक डबा. आत दोन पंखे समोरासमोर. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल घुमतं, तेलाने दुसरा फिरतो, गाडी चालते. वेग वाढला की आतली एक तबकडी दोन्ही पंखे घट्ट आवळून टाकते. त्याला लॉकअप म्हणत. ते बसताना गाडीला एक हिसका बसतो, आणि मग उतारावर इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. पण वेग कमी असला तर तबकडी सुटलेली. मग पंखे तेलात नुसते एकमेकांना बघत राहतात आणि भरलेली गाडी स्वतःच्या वजनाने खाली निघते.

म्हणजे हळू गेलात तर गाडी धरत नाही, आणि धरावी म्हणून आधी तिला थोडी पळू द्यावी लागते. भित्र्या माणसाने काय करावं?

आमचा पंजाबी फोरमन एवढंच सांगे, "डरो मत. छोड़ो, पकड़ लेगी." नाना ते अक्षरशः पाळायचा. उताराच्या तोंडाशी गाडी खालच्या गिअरला टाकायचा, पाय ब्रेकवरून काढायचा आणि मोठ्याने सुरू करायचा, "नाय धरली. नाय धरली. नाय धरली." माझी गाडी बिघडली होती तेव्हा एकदा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. समोर उतार, मागे दगड, आणि हा गळ्यातल्या शिरा ताणून 'नाय धरली' म्हणतोय. दहा वेळा म्हटलं असेल. मग हिसका बसला आणि नाना एकदम मवाळ होऊन म्हणाला, "धरली, बाय माझी."

मी त्याला म्हटलं, नाना, इतका घाम फुटतो तर ब्रेक का दाबत नाहीस? तो म्हणाला, "ब्रेक दाबला का ती सावकाश जाते, सावकाश गेली का धरत नाय, आनि ब्रेक तापून मेला का मग कोनालाच धरत नाय. काशा, तू ब्रेकवर उतरतोस. मी बघतो."

मी हसलो. सगळ्या उतारांना मी ब्रेकच लावत आलो होतो. तेलावर विश्वास ठेवायचा म्हणजे काय?

उताराच्या पायथ्याला एक पायवाट रस्ता ओलांडायची. पाड्यावरच्या बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन तिथून बोईसरच्या बाजाराला जायच्या. अलीकडे वळण आणि करंजाची जाळी, त्यामुळे वरून त्या दिसायच्या नाहीत आणि त्यांना गाडी दिसायची नाही.

नानाची सुट्टी बाजाराच्या दिवशी असे. असाच एक बाजाराचा दिवस होता. सकाळची माझी तिसरी खेप. नेहमीप्रमाणे ब्रेकवर उतरत होतो. अर्ध्यात आल्यावर जळका वास आला. पेडल मऊ लागलं. आणखी दाबलं. वेग कमी होईना, वाढेहीना, गाडी नुसती ढकलल्यासारखी खाली चाललेली. दोन्ही पाय ब्रेकवर देऊन मी उभा राहिलो. आयुष्यात तेवढा घाबरलो नव्हतो, पुढेही नाही. वळण आलं.

वळणाच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला नाना उभा होता. धुतलेला सदरा, हात दोन्हीकडे पसरलेले, आणि त्याच्या पाठीमागे सात-आठ बाया मोळ्या डोक्यावर घेऊन थांबलेल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला माझ्या तोंडावरून कळलं असावं. पसरलेले हात न हलवता तो ओरडला, "पाय काढ, काशा. जाऊ दे तिला."

तो रस्त्यात नव्हता, पण फार लांबही नव्हता. मी पाय काढला. का काढला, सांगता येणार नाही. माझ्या बुद्धीने नक्कीच नाही. गाडीने उसळी घेतली, नाना आणि बाया माझ्या खिडकीखालून निघून गेल्या, आणि मी ऐकलं तर मीच बोलत होतो, नाय धरली, नाय धरली. मग हिसका बसला. इंजिन ओरडलं. गाडी आवळली गेली आणि सपाटीवर येऊन उभी राहिली.

उतरून मागे गेलो तेव्हा बाया पलीकडे गेल्या होत्या आणि नाना रस्त्यातच बसला होता. मला वाटलं शिव्या देईल. त्याने माझा हात धरून बघितला, गार पडलाय का ते.

"सुट्टीच्या दिवशी तू इथं कसा?" मी विचारलं.

"दर सुट्टीला असतो," तो म्हणाला. "गाडी उतरताना ऐकू येते मला. धरली का कळतं. नाय धरली का यांना थांबवतो."

"घरी जायचं की."

नाना सदऱ्याची धूळ झटकत राहिला. "घरी मालकीन होती तवर जायचो. आता तिथं कोनी थांबत नाय. इथं निदान मी थांब म्हटलं का बाया थांबतात."

ब्रेकचं तू खरं बोलत होतास, हे मी त्याला म्हटलं नाही. ते मला जमत नाही, अजूनही नाही. पण वाट दोन्ही बाजूंनी चालू असायची, बाजाराला जाणाऱ्या बाया एकीकडून आणि परत येणाऱ्या दुसरीकडून, आणि नाना एकाच बाजूला उभा राही. पुढच्या आठवड्यात मी फोरमनला सांगून माझी सुट्टी बदलून बाजाराच्या दिवशी घेतली, आणि सकाळी जाऊन दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. नानाने रस्त्यापलीकडून मला बघितलं. म्हणाला, "जरा मागं सर, फार पुढं उभा हायस."

मी मागे सरलो.