राजाचा डावा हातमोजा

जे काम कोणालाही जमतं, त्यासाठी माणूस फार पारखून निवडावा लागतो. आणि पारखण्याची सर्वांत खात्रीशीर जागा म्हणजे पाळणा. ब्रिटनची गादी याच तत्त्वावर एवढी वर्षं टिकून आहे.

राज्याभिषेकात राजाचा डावा हातमोजा चाळीस सेकंद धरण्याचा वंशपरंपरागत मान श्रॉपशरच्या हॅदरसेज घराण्याकडे होता. (उजवा दुसऱ्या घराण्याकडे. त्यांच्याशी बोलणं नाही.) आजवर अकरा पुरुषांनी तो धरला. दोघांना उभ्या उभ्या डुलकी लागली, एकाने त्याला नाक पुसलं, एक जण तो खिशात घालून घरी आला. तरी मान अबाधित राहिला, कारण तो गुणांवर दिलेलाच नव्हता.

नवा राज्याभिषेक जाहीर झाला तेव्हा मानकरी सेड्रिक एक्काहत्तरचा होता आणि त्याच्या हातात चहाची बशीही ठरत नव्हती. थोरली बहीण विनिफ्रेड जनावरांची डॉक्टर. चाळीस वर्षं अडलेल्या गायी सोडवलेले तिचे हात अजून खणखणीत होते. लहानपणी सेड्रिक सराव चुकवून झाडावर चढायचा, तेव्हा तीच खोलीत मोजा धरून उभी राहायची. तिला हे काम हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, आणि ते तिने आयुष्यात पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

"ताई, तूच जा बाई," सेड्रिक म्हणाला. "माझ्या हातून मोजा पडला तर वरचे अकराच्या अकरा मला उभा सोलतील!"

हक्क-तपासणी समितीने बिस्किटं खात तिचा अर्ज वाचला.

"गादीचा कायदा बदलला, कबूल," अध्यक्ष म्हणाले. "थोरली लेक आता राणी होऊ शकते. पण बाई, मोजा ही गंभीर बाब आहे."

"म्हणजे बाईच्या हाती राज्य चालेल, मोजा नाही?"

"राज्याला मंत्री असतात. मोज्याला कोण आहे?"

संतापाने विनिफ्रेडचा चेहरा लाल झाला. समितीने खिडकी उघडायला सांगितली.

मग जवळचा पुरुष वारस शोधण्यात आला. बरेचसे वारले होते, उरलेले ऑस्ट्रेलियात होते (समिती या दोन्हींत फरक करत नाही). सापडला चुलत घरातला बार्नबी, वय पाच महिने. पुरुष? होय. रक्त? होय. मान धरतो का? नुकतीच धरू लागलाय.

बाळाला उचलायला कोणीतरी लागणारच, म्हणून विनिफ्रेडला 'आधाराचे साहित्य' या सदराखाली प्रवेश मिळाला. चाळीस सेकंद मोजा बाळाच्या मुठीत होता आणि मूठ तिच्या मुठीत. मोजा पडला नाही. समितीला गहिवरून आलं.

नोंदवहीत लिहिलं गेलं : "बारावे मानकरी श्री. बार्नबी यांनी मोजा उत्तम धरला." श्री. बार्नबींना कोणी धरलं होतं, याचा रकाना त्या वहीत नाही.

इंग्रजांना हसून झालं असेल, तर वाचकहो, आपल्याच दारावरची पाटी एकदा वाचून या. जाता जाता आत चहा सांगा. तो कोणाला सांगायचा, ते मात्र पाटीवर लिहिलेलं नसेल.