मांत्रिकाचा नेम

“नेम असा धर, की आपल्याला जड जाईल. सोपा नेम देवाला कळतसुद्धा नाही.” सासूबाईंचं हे सांगणं सुनंदाबाईंनी तीस वर्षं पाळलं. चूक एवढीच झाली, की ते त्यांनी मुलाच्या मित्राला सांगितलं.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दर रविवारी त्यांचा अभिमन आणि त्याचा मित्र रुपचंद फाशांचा एक खेळ मांडत. कागदावर गुहा, गुहेत राक्षस. अभिमन व्हायचा मांत्रिक. रुपचंदच्या परदेशी पुस्तकाप्रमाणे मांत्रिकानं मंत्र एकदा म्हटला, की तो विसरायचा.

“हे काय रे?” सुनंदाबाई म्हणाल्या होत्या. “मी रोज अकरा माळा ओढते, विसरते का? शक्ती नेमानं येते.”

पोरांनी नियमच बदलला. मांत्रिकानं खराखुरा नेम धरायचा. जितका जड, तितके जास्त फासे. दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीआधी मोडला, तर मेलेले सगळे राक्षस जिवंत!

आज सकाळी अभिमननं मौन धरलं, आणि दुपारी धरणगावचे पितांबरनाना न कळवता मुलगा बघायला हजर. तीन स्थळं मोडल्यावर आलेलं हे चौथं.

“पगार कितला शे, भाऊ?”

अभिमननं बोटं दाखवली.

“मुका शे का हाऊ?”

सुनंदाबाई चहा घेऊन पुढे आल्या. ‘बोल बाबा’ म्हणावं, तर आईनंच नेम मोडवल्यासारखं. थाप मारावी, तर खोटं न बोलण्याचा त्यांचा स्वतःचा नेम. शेवटी देवाचं नाव घेऊन त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

नानांनी रुपचंदपुढचा गुहेचा कागद स्वतःकडे ओढला. “मंग, मरना का राक्षस?”

“कुठला!” रुपचंद कुरकुरला. “ह्याच्या मौनाला एकच फासा. हा एरवी तरी कुठे बोलतो? बोलक्या माणसानं मौन धरलं, तर पाच फासे!”

फाटकापासून कपाशी, पाऊस आणि स्टेशनवरचा चहा यांवर अखंड बोलत आलेले नाना ताठ झाले.

“माले जमाव नही, आसं म्हनस का तू? हाई धरं मौन. आन फासा!”

राक्षस आडवा झाला. नानांनी नुसतीच मांडीवर थाप मारली.

गाडीची वेळ झाली. दारात सुनंदाबाईंनी हलकेच विचारलं, “नाना, आमचं काय मग?”

नानांनी तोंड उघडलं.

“नाना, राक्षस!” रुपचंद ओरडला.

तोंड मिटलं. पसंती झाली तरच काढायचा म्हणून आणलेला साखरेचा पुडा नानांनी पिशवीतून काढून सुनंदाबाईंच्या हातावर ठेवला. मग ओठ घट्ट दाबून ते स्टेशनाकडे चालू लागले. धरणगावला बायको, लेक आणि तीन भाऊ ‘मुलगा कसा आहे?’ विचारायला ओट्यावर बसून होते.