शांतवनकाका कोणत्या मंडळीचे?

शांतवनकाकांवर अन्याय झाला. कधी झाला, तेही सांगते. दिवाळीनंतरच्या चौथ्या रविवारी, सकाळची भक्ती संपल्यावर, यवतमाळातल्या दगडी चर्चच्या ऑफिसात, पाळकसाहेब चहा पीत असताना. मंडळीच्या रजिस्टरातलं त्यांचं नाव निळ्या शाईनं, फूटपट्टी लावून खोडण्यात आलं. शेजारी कारण लिहिलं: ‘मंडळी सोडून इतरत्र भटकणे.’ चाळीस वर्षं जुना सभासद! आणि फूटपट्टी कशाला लागते हो? रेघ वाकडी आली असती तर अन्याय वाकडा झाला असता काय?

मी पत्रकं लिहिणारी बाई. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत बोरी अरबहून यवतमाळला आले, मोर्च्यांची पत्रकं लिहायला लागले आणि लोहाऱ्यात काकांच्या घरामागच्या खोलीत दोन वर्षं भाड्यानं राहिले. जन्मानं हिंदू, आणि देवळाचीही पायरी न चढणारी. मग चर्चच्या भानगडीत माझं काय काम? हा प्रश्न त्या दगडी मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांनीही मला विचारला होता. उत्तर पुढे येईलच.

काका तेव्हा सत्तरीला टेकलेले. जन्मभर जिनिंगमध्ये ग्रेडर. कापसाची बैलबंडी फाटकात शिरली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस काढायचा, चिमटीनं धागा ओढून कोटाच्या बाहीवर लांबी बघायची, एक सरकी दाताखाली फोडायची आणि प्रत सांगायची. सरकी टचकन फुटली तर माल वाळलेला. आवाज न करता चेपली तर वजन वाढवायला पाणी मारलेलं. पुढे ती जिनिंग बंद पडली, पण काकांची बोटं काही बंद पडली नाहीत. भाजीवालीच्या वांग्यापासून माझ्या पत्रकापर्यंत सगळ्याची ते प्रत ठरवायचे.

“पोरी, तुहं पत्रक लांब धाग्याचं हाय,” एकदा म्हणाले, “पन कचरा लय. ‘धिक्कार’ तीनदा कायले लिवलं?”

“राग आलाय म्हणून.”

“मंग एकदाच लिव. तीनदा लिवलं का वाचनाऱ्याले वाटते, इचं कोनी ऐकूनच नाई राह्यलं.”

खरंच कोणी ऐकत नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

पण त्यांची खरी ग्रेडिंग चालायची ती चर्चांची. अग्नेसकाकू वारल्या आणि काका सुटलेच. शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्यांकडे. रविवारी सकाळी सातला कॅथलिकांच्या मिस्साला, नऊला आपल्या दगडी चर्चात, आणि दुपारी आमच्या भिंतीपलीकडच्या टिनाच्या शेडात, जिथे ढोलकी आणि टाळ्यांवर भक्ती चालायची. एका माणसाला चार मंडळ्या, तेही सायकलवर! दगडी चर्चला कोट आणि टाय. शेडात जाताना टाय काढून खिशात, कारण टाळ्या वाजवताना गळ्याशी आवळतो. शनिवारी हँडलला डबा, कारण तिथे भक्तीनंतर सगळे मिळून जेवतात.

पहिल्याच शनिवारी काकांनी डब्यात मोठ्या प्रेमानं झिंग्याची चटणी नेली. त्या लोकांना शास्त्राप्रमाणे झिंगा वर्ज्य. डबा सगळ्या पंगतीतून फिरून, झाकण न उघडता, परत काकांसमोर आला. “वासानंच वळखला बापा त्यायनं,” काका सांगायचे. “नाक लय तयार हाय त्यायचं.”

मिस्साला तर कहर. दगडी चर्चात पाळक गप्प बसले की कोणातरी वडीलधाऱ्यानं उठून मोठ्यानं प्रार्थना करायची, असा रिवाज. मिस्सात प्रसाद दिल्यावर फादर डोळे मिटून शांत बसले. कोणीच उठेना, हे पाहून काकांना फादरची दया आली. ते उठले. पाऊस, पीक, आजारी माणसं आणि कापसाचा भाव असं सगळं देवाच्या कानावर घालून त्यांनी पाच मिनिटांनी आवरतं घेतलं. फादर भला माणूस. त्यांनी फक्त “आमेन” म्हटलं आणि पुढचं सुरू केलं.

रविवारी संध्याकाळी पपईच्या झाडाखाली खुर्ची टाकून काका मला निकाल सांगायचे. कॅथलिकांचा धागा बारीक, पण गाठ फार घट्ट बांधलेली. दगडी चर्चात सरकी जास्त, रुई कमी. शेडात सगळंच सरकी काढणाऱ्या रेच्यातून निघाल्यासारखं उडून राह्यलेलं. तिथे सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात, तेव्हा काका हळूच एक डोळा उघडून बघायचे. “सारे एकाच वक्ती बोलून राह्यले. देवाले कसं समजत असन वो?”

“काका, एक कोणतं तरी धरा ना,” मी वैतागून म्हणायची.

“पाहून राह्यलो.”

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आज अमरावतीत नोकरीच्या खोलीवर रविवार उजाडला की पहिली आठवण होते ती त्या सायकलच्या घंटीची आणि फाटकातून येणाऱ्या “जाऊन येतो वो” या हाकेची. ते दिवस वाईट होते. मोर्च्यात घसा बसायचा आणि हाती काही लागायचं नाही. तरी संध्याकाळी पपईखाली बसलं की मी हसायची. इतकी मी नंतर कुठे हसलेली नाही.

आता तो गुन्हा सांगते. दगडी चर्चात हंगामाला कापणीचा सण असतो. ज्यानं त्यानं शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवायचं, आणि भक्तीनंतर त्याचा लिलाव. त्या वर्षी सेक्रेटरीसाहेबांनी चादरीत बांधून कापूस आणला होता. पांढराशुभ्र, बघणाऱ्याचे डोळे निवावेत असा. काका आपल्या दोन पपया ठेवायला पुढे गेले. पपया ठेवल्या. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं हात कोपरापर्यंत त्या कापसात गेला.

सगळं चर्च बघत होतं. धागा बाहीवर आला. सरकी दाताखाली गेली. टच नाही, काही नाही.

“पानी मारलं हाय,” काकांनी जाहीर केलं. जिनिंगच्या फाटकापर्यंत पोचायचा तो आवाज. मग आपण कुठे उभे आहोत हे ध्यानात आलं, आणि समजूत घालायला म्हणाले, “धागा बाकी चांगला हाय.”

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा वांग्यासारखा झाला. पुढच्याच रविवारी ती फूटपट्टी निघाली. चार चर्च फिरणं दोन वर्षं कोणाला खुपलं नव्हतं. एका आठवड्यात खुपलं!

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं: ‘देवाला ओला कापूस, खरं बोलणाऱ्याला हद्दपारी!’ काकांनी ते दोनदा वाचलं. प्रत सांगितली नाही.

“नको वाटू.”

“काहून?” मीही तावातावात त्यांच्या बोलीवर आले.

“भटकतो हे तं खरंच हाय ना, पोरी.” चष्मा काढून पुसत बसले. “नावाचं काही नाई. पन…” आणि उठून आत गेले.

तो ‘पन’ मला पुढच्या रविवारी दुपारी कळला. मी गावाहून स्कूटीनं परतत होते. दगडी मंडळीच्या कबरस्तानाच्या भिंतीला काकांची सायकल टेकलेली दिसली. फाटकाला कुलूप. किल्ली सेक्रेटरीसाहेबांकडे असते, आणि ती फक्त सभासदाला मिळते. काका टाचा उचलून, भिंतीवर हनुवटी ठेवून, आत बघत मोठमोठ्यानं बोलत होते. काकूंना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं.

“आज फादरनं हरवलेल्या मेंढराचं सांगतलं, अग्नेस! तुह्या त्या सिस्टर लय थकल्या आता. तुही याद करत होत्या… अन् शेडात ते गानं झालं, तू भांडे घासता घासता आयकत होती ते. म्या टाळ्या वाजोल्या. दोन कडवे!”

मला पाहून त्यांनी टाचा खाली टेकवल्या. टायचं टोक खिशातून लोंबत होतं.

“झरीकडची कॅथलिकाची पोरगी ते,” माझ्याकडे न बघता म्हणाले. “लग्न झालं अन् आमच्या मंडळीत आली. दरसाली म्हने, एक डाव मिस्साले घेऊन चला. शेडातलं गानं आयकाले चला. शनिवारवाले कसे करतात, पाहू तं द्या. म्या म्हनो, एक घर, एक मंडळी, लोकं काय म्हनतीन.”

“आणि आता?”

“आता नेऊन राह्यलो.”

मग त्यांनी भिंतीपलीकडे बोट दाखवलं. काकूंच्या कबरीशेजारी एक मोकळी जागा होती, कडेनं विटा लावून राखलेली. ती जागाही आता त्यांची नव्हती. रजिस्टरात नाव नाही, तर कबरस्तानात जागा नाही.

“तिची मंडळी म्या सोडाले लावली,” काका म्हणाले. “माह्या भरोशावर आली ते इतं. आता म्या दुसरीकडं जाऊन निजू का? तिले इतं एकटीले ठेवून?”

हे माझं चर्चमधलं काम, सेक्रेटरीसाहेब. एवढंच.

काकांनी नको म्हटलं म्हणून ते पत्रक मी वाटलं नाही. हे मात्र छापून देते आहे, त्यांना न विचारता. तीन वर्षं झाली. काका अजून आहेत, सायकल सुटली आहे, रिक्षा करून त्या भिंतीपाशी जातात. आता टाचा उचलता येत नाहीत, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. नुसतं बोलतात.

वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणी त्या मंडळीचं असेल, तर नव्या वर्षाच्या पहिल्या सभेत उभे राहा. शांतवनकाकांचं नाव परत लिहा आणि अग्नेसकाकूंच्या शेजारची जागा त्यांच्या नावावर करा. तुम्ही नसाल, पण तुमच्या ओळखीचं कोणी असेल, तर त्याला उभं करा. आणि सभेची वाट न बघता, याच रविवारी, जाऊन ते फाटक उघडा.