शेजार-एकोपा क्रमांक चारचं परराष्ट्र धोरण

दूरच्या युद्धाबद्दल ज्याला मत नाही, अशा माणसाला शेजाऱ्याने वाटीभर मीठ द्यावं की नाही, हा प्रश्न मानवजातीने फार काळ लोंबकळत ठेवला होता. जावा बेटावर, सालातिगा गावाच्या उतारावरच्या एका गल्लीने तो यंदा निकालात काढला. देऊ नये.

या गल्लीचं सरकारदरबारी नाव 'शेजार-एकोपा क्रमांक चार'. (आमच्याकडे प्रत्येक गल्लीला एकोपा सरकारकडूनच मिळतो, क्रमांकासहित. त्यामुळे तो घरी वेगळा करावा लागत नाही.) गल्लीचा फोनवर एक गट होता. कोण वारलं, कचऱ्याची गाडी कधी येणार, डासांचा धूर कुठल्या दिवशी, असल्या किरकोळ गोष्टींत बिचारा वर्षानुवर्षं कुजत पडला होता. मग युद्ध आलं आणि गटाचं सोनं झालं.

टीव्हीवरच्या नकाशात एक देश वर होता आणि एक खाली. मध्ये निळी पट्टी. वरच्याचं निशाण पिवळं, खालच्याचं हिरवं. वरच्याला मिशीवाले अध्यक्ष, खालच्याला टक्कलवाले पंतप्रधान. भांडण नेमकं कशावरून, हे समजून घ्यायला वेळ लागला असता, म्हणून बाजू आधी घेण्यात आल्या. आठवड्याभरात गल्लीची निम्मी घरं पिवळी झाली, निम्मी हिरवी, आणि एक तटस्थ राहिलं. (त्याला कुलूप आहे. मालक समुद्रापलीकडे कालिमांतानला असतात.) गटावर आलेल्या मतांपैकी शेकडा नव्वद उद्गारचिन्हांसह होती. उरलेली दहा झोपेत बोट दाबलं जाऊन गेली असावीत.

यातून प्रगती झाली नाही असं कुणी म्हणू नये. आपल्या गटाराचं पाणी कुठे जातं हे ज्यांना आयुष्यभर ठाऊक नव्हतं, ते सामुद्रधुनीची खोली सांगू लागले. नवराबायकोची घरगुती भांडणं बंद पडली, कारण ती आता आंतरराष्ट्रीय पातळीवर होऊ लागली.

अशा उन्नत वातावरणात बुदे लास्मिनीने गटावर एक अगदीच खालच्या पातळीचा निरोप टाकला. बुदे म्हणजे थोरली काकू आणि पाकदे म्हणजे थोरले काका. गल्लीत वयाने मोठं झालेलं प्रत्येक माणूस यांपैकी एक असतंच. लास्मिनी ही शेंगदाण्याचे कुरकुरीत पेयेक तळून विकणारी विधवा. तिने लिहिलं, 'शनिवारी लेकीचं लग्न आहे. गुरुवारी सकाळपासून हाताला हात द्यायला या. पाकदे तुकिजान, कोपऱ्यावर पिवळं पान तुम्हीच उभारायचं. दाराला हिरवा झाप मी बांधते.'

गल्लीच्या तोंडाशी माडाच्या कोवळ्या, पिवळ्या पानांची झुकती काठी आणि दाराला जून, हिरव्या झावळीचा विणलेला झाप, एवढं झालं की घर लग्नघर ठरतं. आजवर त्यात कुणाला काही दिसलं नव्हतं. पण आजवर कुणाचा अभ्यासही नव्हता.

'पिवळं कोपऱ्यावर आणि हिरवं दारात, म्हणजे घराच्या आत कोण ते आम्ही समजलो.'

'पिवळं आधी का लिहिलंत?'

'बुदे, भूमिका स्पष्ट करा.'

एकाने अभिनंदनाचं फूल पाठवलं होतं. ते लाल असल्याचं लक्षात येताच मागे घेतलं.

बुदे चपला अडकवून तुकिजानच्या दुकानात गेली. हा मोटारसायकली दुरुस्त करतो. बोटांना ग्रीस, पण त्याच बोटांनी पानांचे असे पक्षी वळतो की वाऱ्यावर चोच उघडतील. तो हिरवा होता.

"पाकदे, कोपऱ्यावरचं पान."

"बसा बुदे. चहा घ्या. पान मागू नका."

"का हो?"

"पिवळं आहे."

"ते काय मी रंगवलंय? माडाने तसंच दिलं."

"मग माडाने जरा विचार करायला हवा होता."

"अहो, तुमच्या थोरल्याच्या लग्नात तुम्हीच वळलंत की! पक्षी, छत्री, टोळ, सगळं."

"तेव्हा जगाची परिस्थिती वेगळी होती," तुकिजान गंभीरपणे म्हणाला.

"आणि मागे खुंटीला पिवळा रेनकोट कुणाचा टांगलाय?"

तुकिजानने वळून पाहिलं. "तो आतून हिरवा आहे," तो म्हणाला.

तिथून ती बुदे प्रिहातिनकडे गेली. गल्लीतला सर्वांत मोठा भाताचा टोप हिचा. तिच्या हाताशिवाय कुठल्याही लग्नाचा भात मोकळा होत नाही. ती पिवळी होती.

"भाताला कुठे नाही म्हणतेय मी? पण दाराला हिरवा झाप असेल तर त्याच्याखालून वाकून यायची नाही."

"मग मागच्या दाराने ये बाई."

"मी? मागच्या दाराने? तिकडे आमचे अध्यक्ष समोरासमोर लढतायत आणि मी मागून शिरू?"

"ते तुझे अध्यक्ष तुला ओळखतात का गं?"

"त्यांनी कशाला ओळखायला हवं? मी ओळखते ना त्यांना!"

प्रकरण गल्लीप्रमुखांकडे गेलं. पाकदे हार्सोयो हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, आणि तिथल्या अनुभवामुळे कुठलीही गोष्ट पोहोचायला उशीर होणारच, हे मान्य असलेले. सभा भरली. एकाने पांढऱ्या पानांची सूचना केली. पांढरं म्हणजे शरणागती, असं म्हणून दोन्ही बाजूंनी ती फेटाळली. (तेवढ्यावर एकमत झाल्याने दोन्ही बाजू अस्वस्थ झाल्या.) अखेर ठराव झाला. गल्ली युद्धाचा निषेध करते. कुणी केलेल्या युद्धाचा, ते पुढच्या सभेत ठरेल. वधूमातेने शक्य असल्यास लग्न युद्धविरामापर्यंत पुढे ढकलावं.

"पाकदे," बुदे म्हणाली, "व्याही मंडळी कोपऱ्यावर येतील आणि कुठल्या गल्लीत वळायचं ते त्यांना कळायचं नाही."

"नकाशा पाठवा की त्यांना."

"नकाशे बघबघूनच ही वेळ आलीय."

गुरुवार उजाडला. अंगणात स्टुलं मांडली होती, कांद्यांचा ढीग होता, उकळलेला गोड चहा निवत होता. कुणी आलं नाही. मायलेकी कांदे सोलायला बसल्या. बुदेच्या ओठांवर आपसूक दोन ओळी आल्या, तशा त्या बायकांच्या ओठांवर येतात, कुणी शिकवलेल्या नसतात:

कांदा गं सोलिते, डोळां दाटलं पाणी
कांद्याच्या नावाने लेकीची कहाणी

"आई, नसली माणसं तर नसली," पोर म्हणाली. "तू एकटीने मला वाढवलंस. दोघी मिळून चार माणसांना भात नाही वाढणार?"

"भाताचं नाही गं. तू उंबरा ओलांडशील तेव्हा चार जणांनी पाहायला हवं. मी एकटीनेच पाहिलं तर ते लग्न नव्हे, ते नुसतं निघून जाणं."

पोरीने आईच्या पुढ्यातले कांदे हळूच आपल्या पुढ्यात ओढले. बुदे उठली, पदर खोचून दाराला झाप बांधला, मग सुरी आणि पिवळ्या पानांचा भारा घेऊन कोपऱ्यावर गेली आणि स्वतःच वळू लागली. तिची बोटं तळणाची. पान दुमडायचं तिथे ती उलथायला जाई.

दुपारी बातमी आली. मिशीवाले आणि टक्कलवाले कुठल्याशा तिसऱ्या देशात भेटले. मिठी मारली. निळी पट्टी अर्धी अर्धी वाटून घेतली आणि मग एका टेबलावर बसून जेवले. फोटोत दोघे हसत होते. मिशीला काहीतरी लागलेलं होतं आणि टक्कलवाले ते बोटाने दाखवत होते.

गटावर पिवळ्या घरातून आणि हिरव्या घरातून एकाच क्षणी एकच शब्द आला: 'विश्वासघात!' शेजार-एकोपा क्रमांक चारमध्ये असा एकोपा स्थापनेपासून झाला नव्हता. पण एवढा राग घेऊन बसायचं कुठे? एकट्याने रागवायची सवय सगळ्यांची सुटली होती, आणि ओळीने स्टुलं मांडलेली जागा गल्लीत एकच होती.

तुकिजान कोपऱ्यावर थबकला. "बुदे, हे काय वळलंय?"

"टोळ."

"ही कोळंबी आहे. सरका."

त्याने कोळंबी उसवली आणि पंतप्रधानांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असा टोळ वळला की मुलं त्याला पकडायला धावली.

प्रिहातिन डोक्यावर टोप घेऊन आली आणि हिरव्या झापाखालून वाकून आत शिरली. "हसत होता बघ मेला! मी त्याच्यापायी सख्ख्या जावेशी बोलणं टाकलं, आणि तो तिथे रस्सा ओरपतोय! कुठायत कांदे?"

"तुझी जाऊ चिरतेय की," कोपऱ्यावरून परतलेली बुदे म्हणाली. "बस तिच्या शेजारी."

"बसते. सरक गं. आणि केवढे जाड चिरतेस! हे काय दगड आहेत का?"

"तुझ्या अध्यक्षांना विचार, त्यांना कसे आवडतात!"

अंगणात हशा पिकला. त्या दिवसासारखा बारीक कांदा गल्लीत कधी चिरला गेला नाही. राजकीय निराशेचा कांद्यावर होणारा हा परिणाम तज्ज्ञांनी अजून अभ्यासलेला नाही. मिरच्यांच्या संबल चटणीत तर नुसता संताप वाटला होता. लग्नाच्या पंगतीत व्याही ती तीन-तीनदा मागून खाणार होते.

शनिवारी सगळं यथासांग झालं. कोपऱ्यावर पिवळं पान डुललं, दाराला हिरवा झाप होता, झाडून सारी गल्ली हजर होती. भरल्या पंगतीत पाकदे हार्सोयोंचा फोन थरथरला. नवं युद्ध लागलं होतं. या वेळी नकाशात एक देश डावीकडे होता आणि एक उजवीकडे. एकाचं निशाण निळं, दुसऱ्याचं तांबडं. हां हां म्हणता सगळे फोन बाहेर आले, सगळ्या माना खाली गेल्या, आणि नेमक्या त्याच वेळी नवरी उंबऱ्याशी आली.

बुदे लास्मिनीने तिला हाक मारली. ती लहान असताना संध्याकाळी मारायची तशी, शेवटचं अक्षर लांबवून, नावाने. पोरीने मागे वळून पाहिलं आणि उंबरा ओलांडला.

कोणत्या नावाने, हे मागाहून गल्लीत कुणाला सांगता आलं नाही. पण गल्लीला हसू नका. मिशी कोणाची, टक्कल कोणाचं, कुठलं निशाण वर आणि कुठलं खाली, हे तुम्हाला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एवढं सगळं लग्न तुम्ही पहिल्या रांगेत बसून पाहिलंत.

नवरीचं नाव काय होतं हो?