चाळीस अंशांचा फरक

ओव्हन बंद होता, हाताला गार लागत होता आणि पासष्ट अंश दाखवत होता. निवृत्त ग्रंथपाल चष्मा पुसून पुन्हा वाकले. पासष्टच. भिंतीवरचं तापमापक पंचवीस म्हणत होतं.

बायको जाऊन दहा महिने झाले होते. ती असताना ग्रंथपाल स्वयंपाकघरात पाणी प्यायलाच काय ते येत. त्यामुळे हा आकडा किती वर्षं खोटं बोलतोय, हे सांगणं कठीण होतं. पण रविवारी मुलगी यायची होती. "बाबा, तुम्हाला एकट्याला जमत नाहीये. घर बंद करा आणि माझ्याकडे चला," असं ती फोनवर तीनदा म्हणाली होती. तिसऱ्या वेळी ग्रंथपाल चाचरत म्हणाले होते, "आधी ये तर. आईचा केक करून ठेवतो." म्हणजे आता अख्खं घर एका केकवर टांगलेलं होतं.

त्यांनी ओव्हनची माहितीपुस्तिका हमीपत्रासकट वाचून काढली, प्लग काढला आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून मीटर लावला. "सेन्सर गेलाय, काका. अकराशे ओहम यायला पाहिजेत, साडेबाराशे येतायत. म्हणजे ह्याला वाटतं, आपण चाळीस अंश जास्त तापलोय. म्हणून तेवढा आधीच थांबतो. काकूंनी कधी तक्रार केली नाही?"

"तिला तक्रारीची सवय नव्हती."

दुरुस्तीवाल्याने एकदा ओव्हनकडे पाहिलं, एकदा ग्रंथपालांकडे. "सोशीक होत्या," तो म्हणाला आणि नवा सेन्सर बसवून गेला. जुना ग्रंथपालांनी पाकिटात घालून वर तारीख लिहिली.

शनिवारी सकाळी त्यांनी बायकोची वही उघडली. दोनशे वीस अंश, पंचेचाळीस मिनिटं. तंतोतंत तसंच केलं. कोळसा निघाला. ओव्हनचा संशय येण्याचं कारण नव्हतं, तो कालच दुरुस्त झाला होता. स्वतःचा संशय मात्र त्यांना बारा महिने असे. त्यांनी सगळं दोनदा मोजून दुसरा केक लावला. हा कोळसा पहिल्यापेक्षा जास्त नेटका झाला.

खिडक्या उघडून, धुरात खोकत त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'हा चाळीस वाढवून सांगतो. आपणही चाळीस वाढवून लावावे. वाद घालू नये.'

दोनशे वीसचे एकशे ऐंशी करायला ग्रंथपालांनी पेन्सिल उचलली. पण पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्यांना ज्यांनी छत्तीस वर्षं धारेवर धरलं, त्यांचा हात काही वहीवर उतरेना. अक्षरही तिचं होतं.

त्यांनी पुन्हा फोन लावला.

"जुना परत बसवू?" दुरुस्तीवाला म्हणाला. "काका, मनातल्या मनात चाळीस वजा करा की."

"वहीत बरोबर लिहिलंय. ओव्हन चुकतोय."

"अहो, आता तर तो बरोबर झालाय."

"तेच म्हणतोय मी."

रविवारी मुलगी आली तेव्हा केक टेबलावर होता, अगदी आईच्या हातचा. पहिला घास घेतल्यावर ती नाक ओढून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथूनच तिचा आवाज आला.

"बाबा, ओव्हन कधी वापरलात?"

"काल दुपारी."

"मग आत्ता पासष्ट कसे दाखवतोय? गार पडलाय तो." ती दारात येऊन उभी राहिली. "एवढा बिघडलाय आणि तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही? उद्या घराला आग लागेल. काही नाही, आजच बॅग भरा."

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. सेन्सर, ओहम, पाकीट, दोन कोळसे, सगळं ओठांवर आलं होतं. मग त्यांनी मुलीच्या तापलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मनातल्या मनात चाळीस वजा केले आणि तिच्या बशीत दुसरा तुकडा ठेवला.

तिने तो उभ्याउभ्याच संपवला.

"बरं, पुढच्या महिन्यात बघू," ती म्हणाली.