उंदीर, मी आणि देवघरातली घंटी

पहिली शंका आली ती शेंगदाण्यामुळे. मी सायकलची घंटी वाजवली, पिंजऱ्यात दाणा टाकला, आणि पांढऱ्या उंदरानं त्याच्याकडे असं पाहिलं, जसा पंगतीत तुडुंब जेवलेला व्याही आग्रहाच्या भाताकडे पाहतो. उपाशी उंदीर असा पाहत नाही.

उंदीर विद्यापीठाचा. मी मानसशास्त्राच्या एम. ए.ला. मेंदू आणि वर्तन हा पेपर मला हवा होता. पण सरांचं म्हणणं, तुम्ही नुसतं दार वाजलं तरी दचकता, तुम्ही आपला मुलाखतींचा पेपर घ्या. (दार खरंच जोरात वाजलं होतं.) मी हट्ट सोडेना, तेव्हा ठरलं की दिवाळीच्या सुटीत एक उंदीर घरी न्यायचा आणि घंटी ऐकताच धावत यायला शिकवायचा. शिकला तर पेपर माझा. रीत सोपी होती. उंदीर अर्धपोटी ठेवायचा, घंटी वाजवायची, मग दाणा. (दाणा मी चिमट्यानं टाकत असे.)

सुटी संपली त्या सकाळी पिंजऱ्याचं दार उघडं आणि आत कोणी नाही.

सायकलची घंटी वाजवत मी सदर भागातलं आमचं दोन खोल्यांचं घर पालथं घातलं. बाबांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, की रस्ता तर मोकळा आहे, घंटी कोणाले देऊन राहिली. शेजारच्या मीराबाई पोस्टमन आला समजून बाहेर आल्या. उंदीर सोडून सगळे आले. मी रडायच्या बेतात.

तेव्हा आई पदराशी चाळा करत म्हणाली, "त्याले मी रोज जेवाले देत होती वं."

"काहून पण?"

"गणपतीचं वाहन घरात उपाशी, अन् आपण करंज्या खाऊन राहिलो. बरं दिसते का? नैवेद्याची घंटी वाजवली, की एक घास त्याले. आज कडी लावाची राहून गेली."

म्हणजे उंदीर शिकला होता. फक्त माझ्याकडून नाही.

मी देवघरातली घंटी उचलली आणि वाजवू लागले. मीराबाई पुन्हा आल्या, या वेळी प्रसादासाठी हात पुढे करून. मागून त्यांच्या सासूबाई. बाबांनी पेपर ठेवून डोक्यावर टोपी चढवली. प्रसादाशिवाय कोणी हलेना.

"वाजव तू," आई म्हणाली. "येते तो."

आणि तो आला. चौरंगाखालून, मिशा सावरत, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा, सरळ घंटीच्या रोखानं. प्रयोग यशस्वी. पेपर माझा.

घंटी माझ्याच हातात आहे हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी स्टुलावर चढले. हात थरथरत होता, त्यामुळे घंटी वाजतच राहिली. आई म्हणत होती, घंटी ठेव वं, घंटी ठेव; पण बोटं सुटेनात. आणि माझा तो गुणी विद्यार्थी स्टुलाच्या पायावरून, तिथून माझ्या निऱ्यांवरून, शिस्तीत वर येऊ लागला.