खैरुद्दीननं पाहिलेलं लेफ्कारा

खैरुद्दीननं अजून वळकटीही सोडली नव्हती, तोच हमदुल्लाचाचा खोलीवर हजर झाले. दुबईच्या देरा भागात त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि तिथल्या गाववाल्यांत त्यांचा शब्द चालायचा. आपली साजिदा खैरुद्दीनच्या हमीदला द्यावी की नाही, याचा ते वर्षभर विचार करत होते. खोटं बोलणाऱ्याच्या घरात मुलगी द्यायची नाही, एवढीच त्यांची अट होती.

"साहेबानं तुम्हाला सायप्रसला नेलं म्हणे," चाचा चटईवर बसत म्हणाले. "डोंगरावरचं लेफ्कारा का काय ते जुनं गाव दाखवलं. कसं आहे?"

आता खरं सांगायचं, तर साहेबाच्या या स्वयंपाक्यानं ते गाव पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं सपाट वाळूत राहिलेल्या माणसाला घाटाची वळणं सोसली नाहीत. पायथ्याशी उतरून तो पोटभर ओकला, आणि साहेब-मेमसाहेब वर गेल्यावर एका कॉफीच्या दुकानाबाहेर खुर्चीत जो कलंडला, तो उन्हं उतरल्यावरच उठला. पण परमुलखात जाऊन झोपा काढल्या, हे होणाऱ्या व्याह्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"चढ आहे चाचा," तो सावकाश म्हणाला. "पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना चिरे रचून केलेले गडगे."

"तिकडे पण जांभा दगड मिळतो?" मुश्ताकनं विचारलं. मुश्ताक साहेबाचा ड्रायव्हर. तो याच खोलीत राहायचा.

"मिळतो ना."

खैरुद्दीनला डोंगरावरचं एकच गाव तोंडपाठ होतं, ते म्हणजे कोकणातलं त्याचं आणि चाचांचं. चाचांना तिकडे जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांना काय आठवणार, असं तो धरून चालला. त्या संध्याकाळी लेफ्काराला विहीर आली. दुसऱ्या संध्याकाळी फणस आला आणि चाचा आणखी दोघांना घेऊन आले. जुम्म्याला तर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चाचा डोळे मिटून ऐकत होते. खैरुद्दीन विहिरीवरून चढून मशिदीपर्यंत पोचला, तेव्हा एक सुतार उगाच नाक पुसत बाहेर गेला.

इतक्यात साहेबाचे फोटो धुऊन आले. "मुश्ताक, खैरुद्दीन का दोस्त लोग को बुलाओ. हम लेफ्कारा दिखाएगा," साहेब म्हणाला. मुश्ताकनं देराभर सांगितलं, "यल्ला, फ्री शो आहे, सगळे या." खैरुद्दीननं डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, पण चहा त्यालाच करायचा होता.

साहेबाच्या व्हरांड्यात पांढरी चादर टांगली होती. तिच्यावर प्रोजेक्टरमधून पांढऱ्या दगडांची घरं दिसली, लाकडी सज्जे दिसले, दारात बसून जाळीदार रुमाल विणणाऱ्या बाया दिसल्या. जांभा नाही, फणस नाही. खोट्याच्या कपाळी गोटा, हे खैरुद्दीननं लहानपणापासून ऐकलं होतं, आणि तो गोटा आता येतच होता. शेवटच्या फोटोत तो स्वतःच होता. तोंड उघडं, मांडीवर कॉफीवाल्याचं मांजर.

"खैरुद्दीन ऊपर नहीं आया," साहेब प्रेमानं म्हणाला. "पूरा टाइम सोया."

कोणी हसलं नाही. चहा पिऊन माणसं उठली. चाचा मात्र बसून राहिले. खैरुद्दीन मान खाली घालून त्यांच्यासमोर उभा राहिला. हमीदचं लग्न आपण झोपेत मोडलं, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"चाचा, मी चुकलो."

"चुकलात खरे. हे आपलंच गाव, ते पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं," चाचा करड्या आवाजात म्हणाले. "पण जुम्म्याला विहिरीवरून तुम्ही सरळ मशिदीकडे गेलात. मध्ये डाव्या हाताला माझं घर लागतं. बारा वर्षं मी ते पाहिलं नाही, आणि तुम्ही न थांबता पुढे गेलात."

खैरुद्दीननं मान वर केली.

"उद्या मगरिबच्या नमाजानंतर पुन्हा जाऊ," चाचा उठत म्हणाले. "साजिदाची आई ओट्यावर बसलेली असेल. जरा थांबा, आणि सोयरीक पक्की झाली, हे तिला सांगा."